अध्यक्षसाहेबांच्या वजनाचं इंजिन

इंजिनातलं आपल्याला सगळं कळतं! दिग्रसच्या आमच्या अख्ख्या ऑफिसात एका किकमध्ये स्कूटर सुरू करणारा मी एकटा. त्यामुळे ऑफिसच्या साहेबांनी बोटीच्या इंजिनाची फाइल माझ्या टेबलावर आपटली, तेव्हा मला फाइलीचं नवल वाटलं नाही. नवल बोटीचं वाटलं.

ते कापसाच्या सरकारी पॅकेजचे दिवस होते, राजेहो. कापसाला भाव नाही, आणि जिल्ह्याचं नाव रोज पेपरात, तेही रोज वाईट बातमीत. पाहणी करायला गाड्या यायच्या, धूळ उडवून परत जायच्या. त्यातल्याच एका गाडीतल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, की इथल्या माणसाला खरी गरज मनोरंजनाची आहे! झालं! धरणावर वेकबोर्डिंग मंजूर. म्हणजे पुढे बोट पळणार, बोटीला दोरी, दोरीला माणूस आणि माणसाच्या पायाखाली फळी. पॅकेज राबवणाऱ्या आमच्या समितीच्या अध्यक्षांनी तर भर सभेत जाहीर केलं, ‘फळीवर पहिला मी उभा राहणार! खचू नका!’

बोटीला इंजिनं दोन प्रकारची मिळत होती. एक लहान, एक मोठं. मी ऐटीत कंपनीला फोन लावला.

‘‘सर, रायडरचं वजन किती?’’ पलीकडून पोरगी विचारते. ‘‘नव्वदच्या आत असेल तर लहान इंजिन पुरे. वर असेल तर मोठंच घ्या.’’

आता आली का पंचाईत! अध्यक्षसाहेबांना वजन विचारणार कोण? ऑफिसचे साहेब म्हणाले, ‘‘मला बदली नको आहे. तुम्ही विचारा.’’ बदली मलाही नको होती.

घरी सुचित्राला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘‘त्यांना पाहून कळत नाही का? मोठं घ्या!’’

‘‘अगं, फाइलीवर ‘पाहून कळलं’ असं लिहिता येत नाही!’’

आणि मग सुचली की हो युक्ती! अध्यक्षांची कापूसतुला! लाडूतुला झाल्या, पुस्तकतुला झाल्या, कापसाच्या मुलखात कापूसतुला कुणी केली होती? एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात कापूस. सत्काराचा सत्कार आणि मग तोच कापूस जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर मोजला की वजनाचं वजन!

कापूस आणला प्रेमसिंगभाऊनं. हा शेजारच्या बंजारा तांड्याचा नायक. त्याची एकच तक्रार होती, जिनिंगचा काटा खोटा आहे. घरी मोजलेला कापूस इथं आला की आटतो. त्याच्या अर्जावर ‘काटा तपासला, बरोबर आढळला’ असं उत्तर ऑफिसनं नुकतंच पाठवलं होतं. अक्षर माझंच. जिनिंग अध्यक्षांच्या साळ्याची, हे तपासणाऱ्याला ठाऊक होतं, तेवढी तपासणी पुरली. अख्ख्या तांड्याचा हंगाम अजून त्याच काट्यावर चढायचा होता.

मी प्रेमसिंगला म्हटलं, ‘‘कापूस तुझा असला तर अध्यक्षसाहेब तुझं ऐकतील.’’

‘‘खरंच ऐकन का, बाबू?’’

‘‘म्हणजे काय!’’

तुला झाली. साहेब पारड्यात बसले. दुसऱ्या पारड्यात कापूस पडतोय, पडतोय, ढीग साहेबांच्या डोक्याच्या वर गेला तरी साहेब जमीन सोडायला तयार नाहीत! शेवटी एकदाचे उचलले गेले. तो कापूस काट्यावर गेला आणि हमालानं आकडा पुकारला, ‘‘सत्त्याऐंशी!’’

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. मग साहेबच हसले. ‘‘पाहा! डॉक्टर उगाच घाबरवतो!’’

प्रेमसिंग माझ्या कानाशी आला. ‘‘बाबू, हा सत्त्याऐंशीचा? अरे, याचा एक पायच सत्त्याऐंशीचा असन!’’

‘‘चूप रे!’’

‘‘काटाच मारून राह्यला तो! आता तरी सांगा न साहेबाले!’’

काय सांगू? वजन खोटं म्हणावं तर काटा खोटा, काटा खोटा तर माझ्या अक्षरातलं उत्तर खोटं. मी फाइलीवर लिहिलं, ‘वजन सत्त्याऐंशी. लहान इंजिन योग्य.’

उद्घाटनाला धरणाच्या काठावर जत्रा लोटली. सगळा तांडा आलेला. साहेब नारिंगी जाकीट घालून पाण्यात उतरले, फळी पायाला बांधली, दोरी पकडली. नारळ फुटला. बोट सुटली!

म्हणजे सुटायला पाहिजे होती. इंजिन बोंबललं, बोटीचं नाक आभाळात गेलं, आणि साहेब काही वर येईनात! नांगरासारखे पाण्यातून ओढले जाऊ लागले, नाकातोंडात पाणी!

‘‘दोरी सोडा, साहेब! दोरी!’’ मी ओरडतोय. पण कार्यकर्त्यांच्या ‘आगे बढो’पुढे माझं कोण ऐकतं! साहेबांना वाटलं लोक हिंमत देताहेत, त्यांनी दोरी आणखी घट्ट धरली. शेवटी इंजिनानं काळा धूर ओकला आणि ते बंद पडलं.

 तेवढ्यात प्रेमसिंगचा आवाज आला, ‘‘अबे, इंजिन बरोबर हाय! काटा खोटा हाय!’’

बाप्पा! काठावर आधी एक हसला, मग दहा, मग अख्खा तांडा. ‘‘काटा खोटा! काटा खोटा!’’ पाण्यावर नुसता तोच गजर. प्रेमसिंगनं माझा हात धरला, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ‘‘आता तं कोणी नाही म्हणू शकत न, बाबू? समद्यायनं पाह्यलं!’’ मला बरं वाटलं. खरंच सांगतो, त्या घटकेला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. चौकशी अधिकारी मीच! ऑफिसच्या साहेबांनी दार लोटून घेतलं. ‘‘हे बघा, गुन्हेगार तीनच होऊ शकतात. काटा, अध्यक्ष किंवा इंजिन. निवडा. इंजिनातलं तुम्हाला कळतं.’’

काट्याला साळा होता. अध्यक्षांना पक्ष होता. इंजिनाला बिचाऱ्याला कुणीच नव्हतं! मी लिहिलं, ‘इंजिन कमजोर. मोठे मागवावे.’

सुचित्रानं ऐकलं आणि ताट पुढे सरकवलं. ‘‘आणि प्रेमसिंग?’’ मी भाजीला मीठ कमी आहे म्हणालो. भाजीला मीठ बरोबर होतं.

मोठं इंजिन आलं, अध्यक्ष फळीवर उभे राहिले, पेपरात फोटो आला. पण त्यांना खरा लळा लागला तो काट्याचा! दर सोमवारी वजन करायला ते जिनिंगमध्येच जाऊ लागले, फाइल घेऊन मागे मी. अशाच एका सोमवारी कापसाच्या गाड्यांची रांग थांबवून साहेब काट्यावर चढले.

‘‘पंच्याऐंशी!’’ हमाल ओरडला.

‘‘घटलं!’’ साहेब खूश. आम्ही सगळ्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या.

साहेब उतरले. त्यांच्या मागची गाडी प्रेमसिंगची. त्याचा कापूस काट्यावर चढला. हमालानं आकडा सांगितला. प्रेमसिंग काट्याकडे वळलाच नाही, तो माझ्याकडे पाहत होता.

‘‘वाजवा न, बाबू,’’ तो म्हणाला. ‘‘आमचंबी घटलं.’’

माझे हात अजून टाळीतच होते. खिशात घातले. दुसरं काय करता, राजेहो!