उत्कृष्ट वाचक प्रेमानंदराव

प्रत्येक माणसाला एक खरी ओळख असते आणि ती सिद्ध करण्याची जबाबदारी सर्वस्वी त्याची असते. मोताळ्याच्या प्रेमानंदराव इंगळे यांनी सरकारी कचेरीत चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळखीवर शिक्के मारले आणि निवृत्त होताच किशोरवयीन मुलींसाठी कादंबऱ्या लिहायला घेतल्या. मुखपृष्ठावर मिशीवाल्या गृहस्थाचं नाव दिसलं तर मुली पुस्तक उघडणार नाहीत, असं प्रकाशकाने रीतसर कळवलं. सबब, लेखिका ठरली 'अनाहिता', वय एकोणीस.

अनाहिताच्या सात कादंबऱ्यांत मिळून अकरा वेषांतरं आहेत. 'नववी ब मधली राणी'त राजकन्या चष्मा लावून शाळेत येते आणि तीनशे पानं तिला कोणी ओळखत नाही. (वर्गशिक्षिका तिची सख्खी आई असूनही.) ही पद्धत इतकी पटण्यासारखी होती, की तालुक्यात बिननंबरी चष्म्यांचा खप वाढला. गणिताच्या तासाला निम्म्या मुली गैरहजर लागू लागल्या. त्या वर्गातच असत, पण वेषांतरात.

मग गावच्या वाचनालयाने अनाहिताला भाषणाला बोलावलं. प्रेमानंदरावांनी पुतणी मयुरीला अनाहिता म्हणून व्यासपीठावर बसवलं आणि स्वतः तिसऱ्या रांगेत बसले. मयुरीने सातांपैकी एकच पुस्तक वाचलं होतं, तेही मागच्या बाजूने.

आठवीतली समता उठली. "ताई, शेवटी राणीनं राज्य काऊन सोडलं?"

"तिले कंटाळा आला होता," मयुरी म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या शेवटासाठी प्रेमानंदराव दोन महिने रडले होते. ते ताडकन उभे राहिले. "कंटाळा नाई हो! तिले मैत्रीण पाह्यजे होती!"

"काका, बसा खाली," समता म्हणाली. "लेखिकेपेक्षा तुमाले जास्त समजते काय?"

आता माघार शक्य नव्हती. प्रेमानंदरावांनी (आपल्या नायिकांच्या सवयीने) चष्मा काढला. "मीच अनाहिता आहो!"

अध्यक्ष हिंमतराव कायद्याचे पक्के. त्यांनी पुरावा मागितला. प्रेमानंदरावांनी पिशवीतून 'राणी'ची स्वहस्ते लिहिलेली चारशे बारा पानं काढून दिली. समताने ती चाळली आणि तिचे डोळे भरून आले.

"काकांनी अख्खं पुस्तक हातानं उतरवून काढलं हो! एवढा मोठा फॅन मी नाई पाह्यला!"

प्रेमानंदरावांनी आशेने मयुरीकडे पाहिलं. एरवी त्यांना 'मोठेबाबा' म्हणणारी पुतणी गहिवरून म्हणाली, "काका, मले लई भरून आलं." समितीने तिथल्या तिथे ठराव करून त्यांना 'उत्कृष्ट वाचक' म्हणून शाल-श्रीफळ दिलं. मयुरीने त्यांच्याच कादंबरीवर सही करून दिली : 'लिहीत राहा, काका. एक दिवस तुम्हालाही जमेल.'

"काऊन बोलली नाईस, बाई?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

"तुमीच तं सांगतलं होतं, काही झालं तरी ओळख फोडायची नाई."

प्रेमानंदरावांनी हिय्या करून आठवी कादंबरी स्वतःच्या नावाने छापली, मिशीच्या फोटोसकट. समताने ती चाळून अभिप्राय दिला, "चांगली आहे, पण अनाहिताची नक्कल आहे." तेव्हापासून ती कादंबरी वाचनालयात खालच्या फळीवर आहे. वाचकांना प्रेमानंदरावांबद्दल हळहळ वाटते, पण कादंबरी कोणी घरी नेत नाही. तुम्हालाही आता हळहळ वाटली असेल. मात्र त्या कादंबरीचं नाव काय, हे तुम्हीही अजून विचारलेलं नाही.