तुपाची राखण

गवऱ्यांचा विस्तव फुलला होता, दिग्रसचे सोयरे संत सेवाभायाच्या पांढऱ्या झेंड्याखाली येऊन बसले होते, आणि तूप येत नव्हतं. रामधनच्या कपाळाची शीर ताठ झाली. तांड्याचा भोग त्याच्या हातचा. निखाऱ्यावर तुपाची धार पडल्याशिवाय कुणी घास उचलत नसे.

तो तणतणत घरी आला. तुपाच्या खोलीच्या दारातच नातू खेमसिंग मांडी घालून बसला होता. गेल्या उन्हाळ्यात लग्न झालेला, बैलाच्या खांद्याचा गडी.

"उठ. तूप दे."

"नाही जमत, दादा. बा सांगून गेला, मी दिग्रसहून येईस्तोवर तुपाले कोणाचाच हात लागू देऊ नको."

"अबे, ते भोगाचंच तूप हाय."

"हाय ना."

"मंग?"

"मंगचं बानं काही सांगतलं नाही."

रामधनला कालची संध्याकाळ आठवली आणि राग दुप्पट झाला. खेमसिंग बापाला न विचारता दारव्ह्याला तंबूतला सिनेमा पाहून आला होता. रामधननं त्याला झेंड्यापुढं उभं करून साऱ्या तांड्यादेखत सुनावलं होतं, "बाप म्हंजे चालताबोलता देव. बापाच्या शब्दाले जो काहून म्हणते, त्याचा भोग इस्तो घेत नाही. बाप भर दुपारी म्हणला रात झाली, त दिवा लावायचा." आवाज असा लागला होता की बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. खेमसिंगही रडला. त्याला ते पटलं, हेच वाईट झालं.

"मी तुह्या बापाचा बाप हाय," रामधन गरजला. "कोण मोठा?"

"तू मोठा." खेमसिंगनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पुन्हा दाराला पाठ लावली. "पण काल तू बापाचंच सांगतलं, दादा. आज्याचं काही बोलला नाही."

रामधननं त्याला बखोटीला धरून ओढलं. स्वतःच धापा टाकू लागला. काठी उगारली, तर नातवानं निमूट पाठ पुढं केली. अशा पाठीवर मारावं तरी कसं? काठी दारावर बसली आणि मोडली. तोवर निखारे राखेत चालले होते. कुणीतरी ओल्या गवऱ्या घातल्या, धूर कोंडला, आणि खोकत खोकत सारा उपाशी तांडा सोयऱ्यांसकट रामधनच्या अंगणात गोळा झाला.

तेवढ्यात एस.टी.तून उतरून रामधनचा मुलगा, खेमसिंगचा बाप हिरासिंग आला.

"कोणापासून राखण लावली तू?" रामधन त्याच्यावर तुटून पडला. "चोर हाय का घरात?"

"राहू दे ना बा. भोग लावू चाल."

"नाही. पह्यले सांग. साऱ्यायपुढं सांग. बाप सांगून राह्यला तुले."

बापानंच सांगितल्यावर हिरासिंगचा इलाज नव्हता. त्यानं मान खाली घातली. "दर भोगाच्या आंधी तूप अर्धं होते, बा. तू मांजरीचं नाव सांगते. मांजर त पोळ्यालेच मेली."

अंगणात कुणी हसलं नाही. सोयऱ्यांनी फक्त पागोटी सारखी केली.

"मी भोग लावत नाही. जेवतबी नाही," म्हणत रामधन लिंबाखाली पाठ करून बसला. हिरासिंगनं झेंड्यापुढचा विस्तव पुन्हा फुलवून त्यावर तूप सोडलं. मोहाच्या फुलात ऊन उतरावं तशी ज्योत उठली. पाठमोऱ्या रामधनला ती दिसली नाही; सगळ्यांचा 'जय' मात्र ऐकू आला, आणि तो अधिकच पेटला.

मग कवड्यांच्या घागऱ्याची खुळखुळ त्याच्याजवळ येऊन थांबली. रामधनची आई, ऐंशी ओलांडलेली धनीबाई, गुळाच्या लापशीचं ताट घेऊन उभी होती.

"खाय."

"नाही, याडी."

"खाय म्हणलं ना."

तांडा बघत होता. खेमसिंग तर फारच भक्तिभावानं बघत होता. रामधननं दात आवळले, हात धुतले.

धनीबाईनं बोट बुडेल इतकं तूप ओतलं. राग गळ्यात होता तसाच होता. घास त्याच्या कडेनं वाट काढत खाली उतरला.

"आणखी?"

तिच्याकडं न बघता रामधननं ताट पुढं सरकवलं.