आयझेल्यांचा धान्यबाजार

राइनहोल्ट आयझेल्यांनी दारावरची पाटी काढून घरात नेली, तेव्हा त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. त्यांना फक्त एक सोंगटी कमी पडत होती.

आयझेले म्हणजे श्टुटगार्टच्या ट्राम कारखान्यात ब्रेक तपासून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल त्यांच्या बायकोचं, इर्मगार्टचं, मत स्पष्ट होतं: तळघर आवरावं. आयझेल्यांनी त्याऐवजी संध्याकाळच्या शाळेत 'स्वतःचा पटावरचा खेळ तयार करा' या वर्गात नाव घातलं. लहानपणापासून दर रविवारी जेवणानंतर ते दुसऱ्या कुणीतरी तयार केलेला खेळ खेळत आले होते. मरण्यापूर्वी एकदा तरी खेळाच्या खोक्यावर आपलं नाव छापलेलं बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी बायकोला एकदाच सांगितली आणि ती हसली नाही. त्या दिवसापासून ते तळघराबद्दलची बोलणी निमूट ऐकून घेऊ लागले.

वर्गाच्या लोरेंझबाई वयाने त्यांच्या मुलीसारख्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की कच्चा नमुना करायला काही विकत आणू नका, घरात असेल ते वापरा. हे ऐकून आयझेल्यांना गुरू भेटल्यासारखं झालं, कारण आमच्या श्वाबेन मुलखात फुकटात होणाऱ्या कामाइतकं पवित्र दुसरं काही नाही. त्यांनी मध्ययुगातल्या धान्यबाजाराचा खेळ रचला. पडद्याच्या कड्या म्हणजे गाड्या, जुन्या कोटाची बटणं म्हणजे व्यापारी आणि स्वयंपाकघरातली मसूर म्हणजे धान्य. हयात ब्रेक तपासण्यात गेलेली, त्यामुळे खेळात पुढे जाण्यापेक्षा थांबण्याचेच नियम जास्त झाले. शरदातल्या एसेनच्या खेळांच्या जत्रेत एका प्रकाशनाच्या संपादकाने त्यांना भेटीची वेळही देऊन टाकली होती.

त्याआधी खेळ माणसांवर करून बघायला हवा होता. लोरेंझबाईंचं म्हणणं असं, की घरच्यांवर विसंबू नका, घरचे खोटं बोलतात, शेजाऱ्यांना बोलवा. "आणि आयझेले, तुम्ही तोंड उघडायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या. "खेळणारे कुठे बघतात, तेवढंच बघायचं."

शनिवारी संध्याकाळी पाहुणे यायच्या बेताला आयझेल्यांच्या लक्षात आलं, की डाव कोणी सुरू करायचा हे दाखवणारी, हातोहाती फिरणारी मोठी सोंगटी करायचीच राहिली. ते गॅलरीत बघून आले, तळघरात बघून आले आणि शेवटी त्यांची नजर स्वतःच्या दाराकडे गेली. पहिल्या मजल्यावरच्या त्या दारावर झाडूची पाटी लटकत होती.

आता झाडूची पाटी म्हणजे आमच्याकडे काही ऐरीगैरी वस्तू नव्हे. दर आठवड्याला एका घराने जिना, अंगण आणि कचऱ्याच्या डब्यांची जागा झाडायची. पाटी ज्याच्या दारावर, झाडू त्याच्या हातात. शनिवारी झाडून झालं, की पाटी एक मजला वर जाते आणि सगळ्यात वरून पुन्हा तळमजल्यावर येते. या घरातली पाटी तळमजल्यावरच्या नेगेलेबाईंच्या नवऱ्याने नासपतीच्या लाकडातून कोरलेली. हेल्मुट नेगेले जाऊन बरीच वर्षं झाली. बर्लिनची भिंत पडली, चलन बदललं, पण त्या जिन्यात पाटी कधी चुकली नव्हती.

आयझेल्यांनी विचार केला: झाडून झालंय, रात्री वरच्या मजल्यावर लावून टाकू. पाटी हातात अगदी बेताची बसली.

खेळायला नेगेलेबाई आल्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे पेटरसन आले. पेटरसन मूळचे हाम्बुर्गकडचे, गरीब स्वभावाचे, आणि श्वाबेनमध्ये आपल्या हातून काही चुकेल या धास्तीत कायम वावरणारे. चौथी इर्मगार्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या तोप्राकबाईंना बोलावलं नाही, कारण टेबलाला खुर्च्या चारच होत्या. ही काटकसर पुढे महागात पडली.

आयझेल्यांनी नियम समजावायला सुरुवात केली तेव्हा प्लमचा केक अख्खा होता. समजावून झाले तेव्हा ताटलीत चुराही उरला नव्हता. नेगेलेबाईंनी दोनदा विचारलं, की ही मसूर नंतर शिजवणार ना, टाकणार तर नाही. पेटरसन डोळे उघडे ठेवून झोपले होते. उत्तरेकडच्या लोकांना ते जमतं. तोंड न उघडण्याचं वचन आयझेल्यांनी पहिल्याच चालीला मोडलं आणि पुढे ते तोंड मिटलंच नाही. शेवटी इर्मगार्ट म्हणाली, की खेळ छान आहे. घरचे खोटं बोलतात ते हे असं.

पाहुणे उठले तेव्हा पाटी फिरत फिरत पेटरसनांपुढे आली होती. आयझेले मसूर गोळा करण्यात गुंतलेले. पेटरसन दोन वर्षांत श्वाबेनबद्दल एकच गोष्ट पक्की शिकले होते: पाटी ज्याच्याकडे, झाडू त्याच्याकडे. त्यांनी ती मुकाट्याने उचलली, वर नेली आणि आपल्या दारावर लावली.

आणि रविवारी सकाळी त्यांनी जिना झाडला.

रविवारी आमच्याकडे कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. झाडूचा आवाज ऐकून नेगेलेबाई प्रार्थनेला जायच्या कपड्यांत बाहेर आल्या. पहिल्यांदा त्यांना पेटरसन दिसले, मग झाडलेल्या पायऱ्यांचे न झाडलेले कोपरे दिसले, आणि वर गेल्यावर पेटरसनांच्या दारावरची पाटी. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडून तोप्राकबाई उंबऱ्यात आल्या. त्यांच्या हातात फरशी पुसायचं नवंकोरं फडकं होतं.

नुरजान तोप्राक यांचे वडील तुर्कस्तानातल्या इझमीरहून श्टुटगार्टला आले ते मोटारींच्या कारखान्यात काम करायला. बाईंचा जन्म इथलाच, आणि जिना पुसण्याच्या बाबतीत अख्ख्या गल्लीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नेगेलेबाईसुद्धा हे मान्य करत, मात्र त्यांच्या पाठीमागे.

"माझा आठवडा कुठे गेला?" तोप्राकबाईंनी विचारलं.

आयझेले पायजम्यावरच वर आले. त्यांनी धान्यबाजारापासून सांगायला घेतलं, पण तोप्राकबाईंनी त्यांना गाड्यांपर्यंत पोचू दिलं नाही. "सोमवारी माझ्या सासूबाई येतायत," त्या म्हणाल्या. "त्या हा जिना चढून येणार. आणि हा जिना यांनी झाडलेला असणार." पेटरसनांनी झाडू पाठीमागे लपवला.

पेटरसन पाटी काढून द्यायला एका पायावर तयार होते, पण नेगेलेबाई आडव्या आल्या. "दारावर एकदा लागली की लागली. आठवडा संपल्याशिवाय काढायची नसते," त्या म्हणाल्या. "आज एकाने काढली, की उद्या कुणीही काढेल."

आठवडाभर त्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. पेटरसन झाडत, आणि ते आत गेले की तोप्राकबाई तेच पुन्हा पुसत. सासूबाईंनी पायऱ्या बघितल्या आणि त्या काही बोलल्या नाहीत. हे बोलण्यापेक्षा वाईट होतं. आयझेल्यांना अपराधी वाटत होतं आणि एसेनची जत्रा जवळ येत होती. शेवटी शनिवारी तोप्राकबाई बोरेकचं, म्हणजे चीज भरलेल्या तुर्की पेस्ट्रीचं, ताट घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. ज्या टेबलावर पाटी गेली, त्याच टेबलावर ती परत मिळवणार, असं त्यांनी जाहीर केलं. पाचवी खुर्ची त्यांनी स्वतःची आणली होती.

त्या संध्याकाळी कोणीही झोपलं नाही. पण धान्यही कोणी विकत घेतलं नाही. पेटरसनांना पाटी नको होती, तोप्राकबाईंना हवीच होती, आणि नेगेलेबाईंना ती चुकीच्या हातात जाऊ द्यायची नव्हती. पेटरसनांनी हळूच मूठभर मसूर पटावरच्या तोप्राकबाईंच्या शेतात सांडली आणि म्हणाले, "तुमच्या मजल्यावर पडलं, तुम्हीच झाडा." गरीब स्वभावाच्या माणसात हे कुठे लपलं होतं देव जाणे. तोप्राकबाईंनी ती सगळी खाली नेगेलेबाईंच्या शेतात ढकलली.

"ती शेतं आहेत. आणि ते धान्य आहे," आयझेले म्हणाले.

"गप रे, राइनहोल्ट," इर्मगार्ट म्हणाली.

पाटी तोप्राकबाईंनी जिंकली. आठवडा संपलेला असल्यामुळे नेगेलेबाईंनीही हरकत घेतली नाही. सगळे हसत खिदळत जिना उतरले-चढले, आणि आयझेले मात्र पटावर हात ठेवून बसून राहिले. इर्मगार्टने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"धान्याकडे कोणी बघितलं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग कुठे बघत होते?"

आयझेल्यांनी पटाकडे बघितलं. कित्येक महिने त्यांनी त्या बाजारावर जीव ओतला होता, प्रत्येक दुकानाचं छप्पर स्वतःच्या हाताने रंगवलं होतं. आता ते तुकडे तुकडे होऊन कचऱ्यात जाणार हे त्यांना दिसत होतं, आणि त्यांना खरोखर रडू येत होतं. मग त्यांनी नाक पुसलं, पट उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर एक जिना काढला.

नवा खेळ एका मिनिटात समजत असे. चार मजले, वरून खाली सांडणारी मसूर आणि हातोहाती फिरणारी पाटी. डाव संपताना पाटी ज्याच्याकडे, त्याने सगळं झाडायचं. लोरेंझबाईंनी वर्गात तो तीनदा खेळला आणि चौथ्यांदा मांडला. तेव्हा आयझेल्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं नाही.

अडचण एकच होती. एसेनला जायचं तर पाटी न्यायला हवी, आणि पाटी घराबाहेर न्यायची तर नेगेलेबाईंची परवानगी हवी. त्यांनी विचार करायला एक दिवस घेतला आणि मग सांगितलं, की पाटी जाईल, पण एकटी जाणार नाही. एसेनच्या गाडीत नेगेलेबाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पर्स, आणि पर्समध्ये पाटी.

ब्रांट नावाचे ते संपादक सकाळपासून खेळ बघून बघून आंबले होते. खोकं उघडायच्या आतच त्यांनी घड्याळ बघितलं. पहिल्या डावानंतर त्यांनी ते बघणं सोडलं, दुसऱ्या डावाला शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना बोलावलं, आणि तिसऱ्या डावात ते हरले. आता काय, असं त्यांनी हसत विचारलं. नेगेलेबाईंनी पर्समधून छोटा झाडू काढून त्यांच्या हातात दिला. एवढा मोठा संपादक भर जत्रेत टेबलाखाली वाकून मसूर झाडत होता, आणि नेगेलेबाई कोपरे दाखवत होत्या.

खेळ आपल्याकडे ठेवून जा, कचेरीत सगळ्यांशी खेळून बघायचा आहे, असं ब्रांट म्हणाले. आयझेल्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला. "ठेवतो की," ते म्हणाले, "फक्त ही पाटी नाही ठेवता येणार. तिच्या जागी दुसरं एखादं लाकूड..."

ब्रांटनी पाटी सोडली नव्हती. गुळगुळीत झालेल्या कडेवरून त्यांचा अंगठा फिरत होता. नेगेलेबाईंनी ते बघितलं. त्यांनी हात पुढे करून पाटी घेतली, तिची दोरी नीट गुंडाळली आणि ती स्वतः खोक्यात ठेवली.

"माझ्या हेल्मुटने केलीय," त्या म्हणाल्या. "दोरीला ओढायचं नाही."

परतीच्या गाडीत नेगेलेबाई पुन्हा खिडकीशी बसल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात त्या दोघांनी 'अहो नेगेलेबाई' आणि 'अहो आयझेले' यापलीकडे एक पाऊल टाकलं नव्हतं. "मला हेडविग म्हण, राइनहोल्ट," त्या म्हणाल्या.  आयझेल्यांनी पिशवीतला खारा ब्रेत्झेल पाव मोडून अर्धा त्यांना दिला.

घरी पाटी नव्हती, पण आठवडे थांबत नाहीत. आयझेल्यांनी धान्यबाजाराचा पट कापून पुठ्ठ्याची पाटी केली. पुढे 'झाडूचा आठवडा', मागे रंगवलेली छपरं. हिवाळाभर ती दारोदार फिरली आणि एसेनहून काही कळलं नाही. आयझेल्यांनी तळघर आवरलं, यावरून त्यांच्या मनाची अवस्था ओळखावी.

वसंतात एका शनिवारी ते जिना झाडत असताना फोन आला. ब्रांट बोलत होते. खेळ घेतला होता. खोक्यावर राइनहोल्ट आयझेले हे नाव येणार होतं, ठळक अक्षरात. आयझेले होते तिथे पायरीवर बसले. इर्मगार्ट बाहेर आली, पाठोपाठ हेडविग आली, आणि वरच्या कठड्यावरून तोप्राकबाई आणि पेटरसन वाकून बघू लागले.

"नियम सगळे तेच," फोनवर ब्रांट सांगत होते. "एकच किरकोळ बदल केलाय. जिना, झाडू, पाटी हे श्वाबेनच्या बाहेर कोणाला कळणार? म्हणून चित्र तेवढं बदलतोय. आमच्याकडे एकाला फार सुंदर कल्पना सुचली."

"कसली?" आयझेल्यांनी विचारलं.

"मध्ययुगातला धान्यबाजार."

आयझेल्यांनी वर बघितलं. त्यांच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी वाऱ्याने उलटी झाली होती, आणि स्वतःच्या हाताने रंगवलेलं एक छप्पर त्यांच्याकडे बघत होतं. त्यांना हसू येऊ लागलं आणि ते आवरेना. इर्मगार्टने काय झालं विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि मग तीही त्यांच्या शेजारी पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

हेडविग तेवढी हसली नाही. "आमची पाटी कधी देतो ते विचार त्याला," ती म्हणाली.

आयझेल्यांनी विचारलं. पलीकडे ब्रांट जरा घुटमळले. पाटी आणखी थोडे दिवस ठेवू द्या, असं म्हणाले. कचेरीत ती आता मजल्यामजल्यावर फिरते, आणि या आठवड्यात ती त्यांच्याच दारावर लागली आहे.

आयझेल्यांनी निरोप सांगितला. हेडविगने मान डोलावली.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "आठवडा संपल्याशिवाय काढायची नसते."