नमुना गल्लीची कायम वस्ती

शहराचं मोठेपण त्याच्या महालांत नसतं, बाजारात नसतं, गिरण्यांच्या भोंग्यांत तर मुळीच नसतं. ते असतं डोक्यांच्या संख्येत. त्या डोक्यांच्या आत काय आहे, हा प्रश्न आजवर कोणत्याही सरकारनं विचारलेला नाही, आणि ते योग्यच आहे. (विचारला असता तर पुष्कळ शहरांची खेडी झाली असती.)

मध्यभारत राज्य झालं तेव्हा इंदुरालाही राजधानी हवी होती आणि ग्वाल्हेरलाही. सुना दोन आणि पाटल्यांचा जोड एकच असला की शहाणी सासू काय करते? संक्रांतीला थोरलीच्या हातात, अक्षय्य तृतीयेला धाकटीच्या. सरकारनं तेच केलं. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदुराला. त्यामुळे दोन्ही शहरं सारखीच नाराज राहिली. राज्यकारभारात यालाच समतोल म्हणतात.

हा समतोल ज्यांच्या पाठीवरून वाहिला जाई त्यांत श्रीपादराव एक. ते किरकोळ बाबी खात्यात कारकून होते. जी बाब दुसरं कोणतंही खातं आपली मानत नाही ती किरकोळ, अशी या खात्याची व्याख्या असल्यामुळे राज्याचा बराचसा कारभार त्यांच्याकडेच होता. दिवाळी आटोपली की खात्याचे पेटारे ग्वाल्हेरला जात आणि पेटाऱ्यांमागून श्रीपादराव. तिथं खाणावळीची आमटी, चुलत्याच्या चुलत्याकडची खोली आणि कुडकुडणारी थंडी. इंदुरात बायको द्वारकाबाई, राममंदिरातलं कीर्तन आणि चार वर्षांची बेबी.

चैत्रात ते घरी परतले की बेबी आईच्या पदराआड दडे आणि ओरडे, "आई, ग्वाल्हेरचे काका आले!"

आषाढ लागेपर्यंत काकाचे बाबा होत. भाद्रपदात ती त्यांच्या मांडीवर बसून आरती म्हणे. आणि सूर जुळला म्हणावं तोवर पेटारे पुन्हा बांधायला घेतलेले असत. श्रीपादरावांना या जन्मी दुसरं काही नको होतं. सलग बारा महिने बाप म्हणून राहायचं होतं, इतकंच.

अशात खात्याचं परिपत्रक निघालं. 'सदर खाते यापुढे ज्या शहराची कायम वस्ती अधिक भरेल त्या शहरी बारमाही ठेवण्यात येईल.' नुकतीच झालेली शिरगणती खात्याला चालण्यासारखी नव्हती, कारण ती दुसऱ्या खात्यानं केली होती. आणि सगळं शहर मोजायला माणसं नव्हती. म्हणून प्रत्येक शहरातली एकेक नमुना गल्ली मोजायची आणि तिच्यावरून शहर ताडायचं, असं ठरलं. शितावरून भाताची परीक्षा, हे आपल्याकडे शास्त्रच आहे. (शीत कुणाच्या ताटातलं, हे शास्त्रात दिलेलं नाही.) इंदुरातून निवडली गेली ती श्रीपादरावांचीच गल्ली. देव असतो, तो असा.

गल्लीत ताबडतोब 'इंदूर वस्तीवर्धक मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष चिंतामणराव, होळकरी दफ्तरातून निवृत्त. उपाध्यक्ष तुकोजीराव, ज्यांचे पणजोबा होळकरी रिसाल्यात होते आणि ज्यांची मिशी अजून होती. मंडळापुढे अडचण एकच होती: मोजणीच्या आठवड्यात माणसं गल्लीत ठेवायची कशी? कुणाची लेक उज्जैनला बाळंत, कुणाचं देवासला केळवण.

"कीर्तन लावा," श्रीपादराव म्हणाले. "लक्ष्मणबुवांचं. ते उभे राहिले की मेलेला माणूससुद्धा आरतीपर्यंत थांबतो."

"वो तो ठीक है, पण बुवा ग्वाल्हेरचे ना?" तुकोजीराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "आपल्या तोफेत दुश्मनाची दारू कशाला?"

"कीर्तनाला गाव नसतं हो," चिंतामणराव म्हणाले, आणि गल्लीच्या वतीनं ते शेवटचं शहाणं वाक्य ठरलं.

बुवा आले. आणि काय सांगावं! पूर्वरंगात त्यांनी देहाचा मोह असा सोडवला, की तुकोजीरावांनी शेजारच्याला बसायला जागा दिली. मध्यंतरात बुक्का लागला, हार पडला, आणि उत्तररंगाला बुवांनी आख्यान काढलं ते नर्मदा ओलांडून आलेल्या मराठी स्वारांचं. झांज वाजत होती, पेटी हेलावत होती. एका पायावर किंचित झुकून बुवा विचारत, "मायबाप, हे कोण निघाले? घरदार सोडून, तुळशीला पाणी घालून कोण निघाले?" आणि गल्लीतल्या एकेका घराण्याकडे हात करून स्वतःच सांगत, "हे वाईचे! हे कऱ्हाडचे! हे गुहागरचे!" ज्याचं गाव निघे तो रडे. ज्याचं निघत नसे तो आपलं निघेल म्हणून आधीच रडे. श्रीपादरावांचा रुमाल ओला झाला, मग द्वारकाबाईंचा पदर.

घरी येताना द्वारकाबाई म्हणाल्या, "उद्या मोजणीचे मास्तर येतील. तुम्ही फक्त 'इंदूर' म्हणा. पुढं काही बोलू नका."

"एवढं समजतं मला."

"समजतं हो. म्हणूनच सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यानं नेमलेले रघुवीर मास्तर आले. माणूस माळव्यातला, सरळ. खात्यानं त्यांना एकच शिकवून पाठवलं होतं: माणूस सांगेल तेच लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. पहिलं दार चिंतामणरावांचं.

"रामराम जी. आप कहाँ के?"

चिंतामणरावांनी उपरणं सारखं केलं. कालचं आख्यान अजून अंगात होतं. "आम्ही? आम्ही मूळचे वाईचे."

"यहाँ कब आए?"

"पेशव्यांच्या फौजेबरोबर."

मास्तरांनी अदबीनं आत डोकावून पाहिलं. ओटीवर मोजणी संपताच लेकीकडे उज्जैनला जायला बांधलेली गाठोडी, ट्रंका, गुंडाळलेल्या गाद्या. त्यांनी लिहिलं: बाहेरचे, नुकतेच आलेले दिसतात, सामान अजून लागलेलं नाही.

"तो वाई वापस कब गए थे?"

"गेलो नाही अजून. पण पाणी फार गोड आहे तिथलं."

तुकोजीरावांनी कऱ्हाड सांगितलं आणि वर पाटीलकी सांगितली. पाटीलकी नेमकी कुठे, असं विचारल्यावर "वो देखना पडेगा," म्हणाले. मग गल्लीला चेवच चढला. मास्तर पोचण्याआधीच माणसं दारातून हाका मारू लागली, "भिया, इकडे! आमचं मेणवलीचं लिहा!" एका घरातल्या दोन सख्ख्या भावांनी वेगवेगळी गावं सांगितली आणि त्यांचं बोलणं बंद झालं.

श्रीपादरावांचं दार आलं तेव्हा मास्तरांमागे निम्मी गल्ली उभी होती. श्रीपादरावांनी 'इंदूर' हा शब्द जिभेवर तयार ठेवला होता. इथं ते जन्मले, इथं त्यांचे आजोबा जन्मले, सराफ्यातल्या कोणत्या दुकानाची जिलबी कधी बिघडली हेही त्यांना ठाऊक. बेबी त्यांचं धोतर धरून उभी होती.

"आप कहाँ के, बाबूजी?"

"सांगा की, श्रीपादराव!" चिंतामणराव मागून प्रेमानं म्हणाले. "लाजता काय? मुलगी आहे पदरात. उद्या सोयरीक करायला बसाल तेव्हा लोक गावच विचारणार. ज्याला गाव नाही त्याला घराणं कसलं?"

श्रीपादरावांनी बेबीकडे पाहिलं. मनातल्या मनात तिच्या बारमाही बापाकडे पाहिलं, तिच्या भावी सासरकडेही पाहिलं. त्यांचा ऊर एकदम भरून आला.

"मूळचे गुहागरचे," ते म्हणाले.

आत पळी आपटल्याचा आवाज आला.

मास्तर शेवटी राममंदिरात गेले. लक्ष्मणबुवा काढा घेत बसले होते. "आम्हाला कसलं गाव, बाबा?" ते म्हणाले. "जिथं हरिकथा, तिथलेच आम्ही. लिहा इंदूर." मास्तरांनी आनंदानं लिहिलं. इंदूरची कायम वस्ती: एक.

तिकडे ग्वाल्हेरची नमुना गल्ली भरदुपारी मोजली गेली. सगळे जेवून झोपले होते. दार कुणी उघडेना, तेव्हा मोजणाऱ्यानं दारातल्या चपला मोजल्या आणि दोनानं भागलं. चपलांना मूळ गाव विचारता येत नाही. कायम वस्ती: दोनशे अठरा आणि अर्धा. (अर्ध्याचा खुलासा मागवण्यात आला, एक चप्पल कुत्र्यानं नेली असं कळलं.)

खात्याचा हुकूम आला. त्यात म्हटलं होतं की, इंदूर हे वाई, कऱ्हाड, गुहागर इत्यादी ठिकाणच्या प्रवाशांचं लांबलेलं मुक्कामाचं ठिकाण असून, अशा ठिकाणी सरकारी खातं ठेवणं सुरक्षित नाही. सबब ते ग्वाल्हेरला बारमाही ठेवण्यात येत आहे.

मंडळानं हुकूम मंदिरात मोठ्यानं वाचला. चिंतामणरावांनी चष्मा पुसला. "पाहिलंत?" ते गदगदून म्हणाले, "सरकारनं शेवटी लेखी मान्य केलं. आपण वाईचे!" पेढे वाटले गेले.

श्रीपादराव पेढा हातात घेऊन घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. द्वारकाबाईंनी हुकूम ऐकला होताच. त्यांनी निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "बिऱ्हाड हलवू या. मीही येते. पोरीला बाप हवा. तो गुहागरचा असला तरी चालेल मला."

अशा रीतीनं श्रीपादराव सहकुटुंब ग्वाल्हेरचे झाले. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या गृहस्थांनी कुंपणावरून विचारलं, "आपण कुठले?"

"आम्ही?" श्रीपादरावांनी मान ताठ केली. "आम्ही मूळचे इंदूरचे. काय सांगू तुम्हाला, पाणी फार गोड आहे तिथलं."

आणि रडले.

आता यावर हसू येणं साहजिक आहे. माणसानं इतकं भोळं असू नये, असं शहाण्या वाचकाला वाटतं, आणि ते वाटत असतानाच त्याच्या मनात हळूच येतं की, आमच्यात बाई असं नाही, आम्ही मूळचे...

गावाचं नाव सांगायची तसदी घेऊ नका. तुम्हाला आम्ही आधीच बाहेरचे धरलं आहे.