यम-नियम लागू नाहीत

पाणीपुरवठा कार्यालयातल्या खुर्च्या मोडकळीला आल्या होत्या, आणि त्यांवर बसणाऱ्यांच्या पाठीही. खुर्च्यांची दुरुस्ती ही खर्चाची बाब असल्यामुळे पाठींचीच दुरुस्ती करावी, असा निर्णय सक्षम पातळीवर घेण्यात आला. त्यानुसार रोज सकाळी सभागृहात अष्टांगयोग सक्तीचा झाला.

तक्रार-खिडकीवर बसणारे अण्णा पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे जाऊन बसले. कंबर त्यांचीच सर्वांत जास्त धरलेली होती, शिवाय सांगितलेलं काम नीट करण्याची त्यांना खोड होती. योगशिक्षिकेने माहिती दिली, की योगाची अंगं आठ. पहिलं यम, म्हणजे अहिंसा, सत्य, चोरी न करणं वगैरे. दुसरं नियम. आसन तिसरं.

"तर आता आपण आसनांना सुरुवात करू," ती म्हणाली.

अण्णांनी हात वर केला. "मॅडम, आधीची दोन?"

"ती तुम्ही घरी करा."

सभागृह खदखदून हसलं. अण्णांनी मात्र गंभीरपणे मान डोलावली. त्यांना गृहपाठ मिळाला होता.

संध्याकाळी फोन वाजला. बायको म्हणाली, "माझा भाऊ असणार. तुम्ही घरी नाही म्हणून सांगते."

"पण मी तर घरी आहे," अण्णा म्हणाले, आणि फोन स्वतःच घेऊन त्यांनी मेहुण्याला कळवलं, की तू फार बोलतोस म्हणून आम्ही तुझ्याकडे येत नाही. त्यानंतर बायको त्यांच्याशी चकार शब्द बोलली नाही, आणि अण्णांना कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली. योगाचा लाभ सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर एक निवृत्त शिक्षिका आल्या. "आमच्या गल्लीत पाणी नाही. माझ्या तक्रारीचं काय झालं?"

"वरच्या पातळीवर विचाराधीन आहे" हे वाक्य अण्णांच्या जिभेला इतकं सवयीचं होतं, की ते अर्धं बाहेरही पडलं. त्यांनी ते परत गिळलं.

"बाई, ती कुणी वाचलेलीच नाही."

"म्हणजे?"

"साहेब वाचत नाहीत. आणि बिघाड काही नाही. आमचा माणूस व्हॉल्व्ह उघडायला विसरलाय."

बाईंनी जो काही आरडाओरडा केला, त्याने संध्याकाळच्या आत गल्लीत पाणी आलं. बातमी गावभर झाली. खिडकीवर खरं सांगतात म्हटल्यावर रांग रस्त्यापर्यंत गेली. लोक अण्णांना देवमाणूस म्हणू लागले.

साहेबांनी बोलावून घेतलं. साहेबांची प्रगती थेट पाचव्या अंगापर्यंत झाली होती. इंद्रियं बाहेरच्या जगातून आत ओढून घेणं म्हणजे प्रत्याहार. साहेबांना दारावरची गर्दी नेमणुकीच्या दिवसापासून ऐकू येत नव्हती.

"अण्णा, कार्यक्रम आसनांचा आहे. तुम्ही हे सत्य कुठून काढलंत?"

"ते आधीच्या पायरीत येतं, साहेब."

"येत असेल. आपल्या कार्यालयाला यम-नियम लागू नाहीत. तुम्ही शीर्षासन करा ना! डोक्यावर उभं राहून काय वाटेल ते बोला, कुणाला कळणार नाही."

"पण खिडकीवरची माणसं..."

"माणसांचं मी बघतो."

"नाही बघत, साहेब," अण्णा नम्रपणे म्हणाले.

साहेबांनी तिथल्या तिथे त्यांना पाइपांच्या गोदामात धाडायचं ठरवलं. पण खिडकीबाहेर चष्म्यांचा दुकानदार घोषणा देत होता, "अण्णांना हात लावाल तर खबरदार!" शिक्षिकाबाईंसकट सगळी रांग त्याच्या सुरात सूर मिसळत होती. साहेबांनी बदली लांबणीवर टाकली आणि डोळे मिटून घेतले.

घोषणा संपवून दुकानदार खिडकीशी आला. "अण्णा, माझ्याकडे पाणी कमी येतं. का ते सगळ्यांसमोर सांगा. घाबरू नका, आम्ही पाठीशी आहोत."

"शेजाऱ्याने पाइपाला चोरून मोटर लावलीय."

"निषेध!" रांग गरजली.

"तुम्हीही लावलीय," अण्णा पुढे म्हणाले. "म्हणून पुढच्या घरांना थेंब मिळत नाही. त्यांनी मग मीटरच्या अलीकडून जोड घेतलाय. आणि बाई, तुमचं मीटर बंद आहे, हे तेवढं तुमच्या तक्रारीत राहून गेलंय."

शिक्षिकाबाईंना एकदम घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं. मागोमाग रांगेतल्या बहुतेकांना काही ना काही आठवलं. खिडकीसमोर चिटपाखरू उरलं नाही.

तासाभराने दुकानदार आणि बाई शिष्टमंडळ होऊन साहेबांकडे गेले. "माणूस चांगला आहे हो, पण डोक्यावर परिणाम झालाय," दुकानदार कळवळून म्हणाला. "त्यांच्याच तब्येतीसाठी सांगतोय."

साहेबांनी डोळे उघडले. जनतेची तक्रार इतक्या तातडीने निकाली निघण्याची कार्यालयाच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ होती.

गोदामात अण्णांना कुणी काही विचारत नाही. दुपारी डबा घेऊन आलेल्या बायकोने मात्र विचारलं, "एवढं करून मिळालं काय तुम्हाला?"

"पाठ दुखायची थांबली."

"खरं?"

"खरंच. पण वाईट वाटतं गं. मला वाटलं होतं, लोकांना खरं हवंय."

बायकोने पाइपावरची धूळ झटकली आणि ती त्यांच्या शेजारी बसली.

खिडकीवर आता नवा कारकून आहे. तो हसतमुखाने "होऊन जाईल" म्हणतो, लोक समाधानाने घरी जातात आणि मोटर लावतात. गोदाम सर्वांना खुलं आहे. अण्णा कुणालाही खरं काय ते सांगायला तयार असतात. अजून कुणी फिरकलेलं नाही. तुम्ही जाऊन पाहा. नाही, आज नको म्हणत असाल तर राहू द्या. तुमच्याही घरी गॅस चालू राहिला असेल.