पुतळा औरंगाबादला गेल्यामुळे

मौन पाळणे थोरामोठ्यांसही कठीण जाते, परंतु मला ते मुळीच कठीण वाटत नाही, असे विधान मी १९५७ सालच्या मार्च महिन्यातील एका शनिवारी सकाळी, चुलीपाशी बसून, तिसरी भाकरी खात असताना केले. माझी पत्नी पार्वतीबाई हिने तव्यावरची भाकरी उलटली. माझी कन्या जयवंता मात्र म्हणाली, "बा, तुमी मघापासून मौनाबद्दलच बोलायलाव."

वाचकांस प्रथम माझी ओळख करून देणे उचित होईल. मी नागोराव, राहणार अंबरपेठ, हैदराबाद. येथील एका मोठ्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर आहे, म्हणजे जखमा धुणे व पट्ट्या बांधणे हे माझे कर्तव्य होय. माझे शिक्षण उर्दूतून चौथीपर्यंत झाले. पुढील शिक्षण मी मराठी वाचनालयात उभ्याने घेतले, कारण तेथे खुर्च्या दोनच होत्या.

त्या वर्षी आमच्या दवाखान्यात एक नवी योजना सुरू झाली होती. हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गात शिकणाऱ्या मुलींनी दर शनिवारी दवाखान्यात यावे, ताप कसा मोजावा, खाट कशी घालावी, पट्टी कशी बांधावी हे रोग्यांच्या सान्निध्यात शिकावे, आणि दहा शनिवारांनंतर परीक्षा घेऊन पहिल्या दोघींना नर्सिंगच्या शिक्षणासाठी हॉस्टेलात घ्यावे, अशी ती योजना होती. मराठी शाळेच्या आठ मुली होत्या. त्यांत जयवंता होती.

ती निवडली गेली नाही, तर पुढे काय होणार हेही ठरलेले होते. माझे चुलतबंधू तातेराव यांनी नांदेडकडील आपल्या मेहुण्याचा मुलगा तिच्यासाठी पाहून ठेवला होता. तातेराव मला म्हणाले होते, "नागोराव, पास झाली तर शिकू द्या, मी आडवा येत नाही. नापास झाली तर वैशाखात बार उडवू. शब्द?" मी शब्द दिला होता. जयवंता तेव्हा दाराआड उभी होती. त्या रात्रीपासून ती उशीला पट्ट्या बांधू लागली. घरात पट्टी न बांधलेली उशी उरली नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र एक अडचण उपस्थित झाली. पट्ट्या बांधण्यासाठी दवाखान्यात वेत आणि कापूस यांचा एक पुरुषाकृती पुतळा होता. परंतु नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले, तेव्हा आमच्या दवाखान्यातील सामानाचीही वाटणी निघाली, आणि पुतळा मूळचा औरंगाबादचा असल्याचे रजिस्टरात निघाल्यामुळे तो नेमका परीक्षेच्याच आठवड्यात औरंगाबादला रवाना करण्यात आला. आम्हां नोकरांकडून कोठे राहणार याचे अर्ज भरून घेतले होते. पुतळ्यास कोणी विचारले नाही.

मेट्रनबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. तेव्हा मी पुढे होऊन म्हणालो, "बाई, पुतळ्याच्या जागी मी निजेन."

मेट्रनबाई म्हणाल्या, "नागोराव, पुतळा बोलत नसतो. परीक्षेत रोग्याने मुलींना एक अक्षर जरी सुचवलं, तरी परीक्षा घ्यायला येणारे डॉक्टरसाहेब आठही जणींना नापास करतील. मान हलवायची नाही, हात हलवायचा नाही."

मी म्हणालो, "मी पुतळ्याहून अधिक पुतळा होईन."

त्याच रात्री मी अकरा वाक्यांचे एक भाषणही लिहिले. परीक्षा संपली, पट्ट्या सुटल्या, की साहेबांसमोर ते म्हणावयाचे, असा माझा मानस होता. ते घडी करून मी सदऱ्याच्या खिशात ठेवले.

त्या शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता मी ड्रेसिंगच्या खोलीत टेबलावर निजलो. जयवंताच्या वाट्याला माझा उजवा पाय आला. तो मोडला आहे असे समजून फळ्या लावून बांधावयाचा होता. तिची मैत्रीण भामा हिला माझा जबडा व एक डोळा मिळाला. उरलेल्या सहा जणींनी उरलेला मी वाटून घेतला. जयवंता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बा, काई बी झालं तरी बोलू नका. माझी शपथ." भामाने लगेच जबडा आवळला, त्यामुळे मला शपथ घेता आली नाही, परंतु ती लागू झाली.

दहा वाजता मेट्रनबाईंनी मुलींना तोंडी प्रश्नांसाठी आपल्या खोलीत नेले. साहेब साडेअकराला यावयाचे होते. मी एका डोळ्याने छताकडे पाहत राहिलो.

तेवढ्यात स्ट्रेचरवाला गफूरमियाँ आत आला. तो चार दिवसांच्या रजेवरून त्याच दिवशी हजर झाला होता. त्याने मला पाहिले व दारातूनच हाक मारली, "अरे, इत्ता बडा एक्सिडेंट इधरीच पडा है, और कार्ड भी नै बनाए!"

मी हललो नाही. पुतळा हलत नसतो.

गफूरमियाँने वाकून विचारले, "दर्द होरा क्या, भाई?"

मी उत्तर दिले नाही.

"होश भी नै है," असे म्हणून त्याने मला मोठ्या मायेने स्ट्रेचरवर घेतले आणि पुरुषांच्या वॉर्डात नेऊन सतरा नंबरच्या खाटेवर ठेवले. मला ओरडता आले असते काय? जबडा बांधलेला होता, तरी घशातून थोडाफार आवाज निघाला असता. परंतु शपथ जबड्याहून घट्ट होती.

वॉर्डाच्या सिस्टर विमलाबाई आठवड्यापूर्वीच गुलबर्ग्याहून बदलून आल्या होत्या. त्या मला ओळखत नव्हत्या आणि परीक्षेविषयीही त्यांना काही ठाऊक नव्हते. कार्डावर नाव काय लिहावे म्हणून त्यांनी माझा खिसा तपासला. माझे भाषण त्यांच्या हाती आले. वरच्या बाजूस मी माझे नाव व पत्ता लिहिला होता, कारण कोणताही कागद हरवू शकतो. विमलाबाईंनी ते हळू आवाजात वाचले.

"आज मी आपणांसमोर निःशब्द होऊन पडलो आहे. माझे आयुष्य या दवाखान्याच्या खाटांमध्येच सरले. आता मला स्वतःसाठी काही मागावयाचे उरले नाही. माझ्या पश्चात माझी एकुलती एक कन्या जयवंता हिला आपण आपली मानावी..."

माझ्या पश्चात म्हणजे माझ्या पेन्शनीनंतर, हे मी पुढच्या वाक्यात स्पष्ट केले होते. परंतु विमलाबाईंनी पुढचे वाक्य वाचले नाही. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"गफूर," त्या म्हणाल्या, "ये आखरी बयान है. घरके लोगां को बुलाओ."

गफूरमियाँने पत्ता ऐकला आणि तो मटकन खाली बसला. "या अल्ला, ये तो अपने नागोराव! कित्ता बोलते थे बेचारे." मग तो सायकलवर बसून अंबरपेठेस गेला. विमलाबाईंनी माझे भाषण कार्डाला टाचणीने जोडले.

पाऊण तासाने तातेराव आले. त्यांच्यासोबत गल्लीतील नऊ माणसे आणि पिशवीभर मोसंबी होती. तातेरावांनी माझा बांधलेला हात हाती घेतला.

"नागोराव," ते सद्गदित होऊन म्हणाले, "मी तुमाला किती डाव सांगितलं, ह्या नर्सिंगच्या नादाला लागू नका. बघा काय झालं. पण आता फिकीर करू नका. परीक्षेचं काय व्हायचं ते होऊ द्या, पोरीचं लगीन मी वैशाखात लावतो. मंजूर हाय का? नुसती मान हलवा."

येथे माझ्या हातून अपराध घडला. नाही म्हणण्यासाठी मी मान हलवली. परंतु भामाने हनुवटीपासून टाळूपर्यंत इतके नेटके वेढे दिले होते, की मान आडवी न जाता थोडीशी खाली गेली.

"बघितलं का?" तातेराव नऊ माणसांकडे वळले. "बापानं होकार दिला. तुमी समदे साक्षी."

नऊ माणसांनी माना हलवल्या. त्यांच्या माना व्यवस्थित हलत होत्या.

इतक्यात पार्वतीबाई आली. तिने पांढरे लुगडे नेसले होते. गेल्या वर्षी बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या वेळी घेतलेले ते तिचे एकुलते एक चांगले लुगडे, आणि लेकीच्या परीक्षेचा दिवस म्हणून तिने ते सकाळीच पेटीतून काढले होते. गफूरमियाँला हे ठाऊक नव्हते. तो विमलाबाईंना हळूच म्हणाला, "देखो, सफेद साडी पहन को आ गई. इत्ता भी सबर नै हुआ."

पार्वतीबाई रडली नाही. तिने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिले, जयवंताने बांधलेल्या पायाजवळ थांबली, फळीवरची गाठ बोटाने चाचपली, आणि माझ्या कानाशी वाकून विचारले, "सायब येऊन गेले का?"

मी उघडा डोळा एकदा मिटला व उघडला. याला पुतळ्याचे हलणे म्हणावे की नाही, याविषयी मेट्रनबाईंनी काही सांगितले नव्हते.

त्याच क्षणी व्हरांड्यातून मेट्रनबाईंचा आवाज आला. "टेबल रिकामं? साहेब येऊन उभे आहेत आणि माणूस कुठं गेला? दहा मिनिटांत सापडला नाही तर आठही जणी नापास."

"मग पडून काय राहिलाव?" पार्वतीबाई म्हणाली. "उठा."

तिने मला बगलेत धरून खाटेवरून उतरवले. एक पाय फळ्यांत होता, म्हणून मी दुसऱ्या पायाने उड्या मारीत निघालो. विमलाबाई ओरडल्या, "बाई, रोग्याला हलवू नका." गफूरमियाँ म्हणाला, "दिमाग पे असर हो गया." "बाजूला सरा," पार्वतीबाई म्हणाली, ते कोणाला हे मला कळले नाही. आमच्या मागून स्ट्रेचर, स्ट्रेचरमागे विमलाबाई, त्यांच्यामागे तातेराव आणि नऊ माणसे, आणि फुटलेल्या पिशवीतून सांडत येणारी मोसंबी, असे आम्ही लांबलचक व्हरांड्यातून ड्रेसिंगच्या खोलीपर्यंत गेलो. एकशे बारा उड्या झाल्या. मी त्या मोजल्या, कारण बोलण्याऐवजी करण्याजोगे दुसरे काही नव्हते.

साहेब घड्याळ पाहत होते. आठ मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. जयवंताचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मी टेबलावर जाऊन पडलो आणि पुनश्च पुतळा झालो.

साहेब बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी जयवंताला विचारले, "ये कौन है?"

"पुतळा हाय, साहेब," जयवंता म्हणाली.

"पुतले के आँख में पानी आ रा."

"डोळा भामाकडं हाय, साहेब. माझ्याकडं पाय हाय."

साहेबांनी पाय पाहिला. फळी ओढून पाहिली, गाठी हलवून पाहिल्या, पट्टीखाली बोट घालून पाहिले. एक वेढा सरकला नव्हता. "पूरा व्हरांडा कूद को आया," ते मेट्रनबाईंना म्हणाले, "और गाँठ वैसीच है. ऐसा इम्तिहान मैं कब्बी नै लिया." त्यांनी कागदावर आकडा लिहिला. मग भामाचा जबडा पाहिला आणि तेथेही आकडा लिहिला. मेट्रनबाईंनी नावे वाचली. पहिली जयवंता. दुसरी भामा.

आता सर्व सुरळीत झाले असते. परंतु तातेराव दारातून पुढे आले.

"सायब, माफी असावी," ते म्हणाले. "पोरीचं लगीन वैशाखात ठरलं. आत्ता तिच्या बापानं होकार दिला. नऊ साक्षीदार हायत."

साहेबांची लेखणी थांबली. "इम्तिहान के बीच में?" त्यांनी शांतपणे विचारले. "पुतला बात किया?"



"बोलले नाहीत," तातेराव म्हणाले. "मान हलवली."

"मान हलवली असेल," मेट्रनबाई सावकाश म्हणाल्या, "तर आठही जणी नापास. नियम तसा आहे. पाहुणे, नीट आठवून सांगा. मान हलवली का?"

तातेरावांनी आठ मुलींकडे पाहिले. त्यांनी जयवंताकडे पाहिले. ती रडत नव्हती. वाकून माझ्या पायाची सुटलेली सेफ्टी पिन लावीत होती. मग त्यांनी पार्वतीबाईकडे पाहिले. पार्वतीबाई हातात एक मोसंबे घेऊन त्यांच्याकडेच पाहत होती.

"नाही," तातेराव खाली बघून म्हणाले. "वारं असंल."

नऊ साक्षीदारांनीही वारे असल्याचे सांगितले.

पट्ट्या सुटल्या, जबडा मोकळा झाला. मी उभा राहून हात जोडले व म्हणालो, "परम आदरणीय साहेब..." परंतु साहेब तोवर जिना उतरत होते.

सोमवारी मला कचेरीतून एक पत्र मिळाले. शनिवारी दहा ते साडेबारा ड्रेसर नागोराव कामाच्या जागी आढळला नाही, तरी लेखी खुलासा करावा. त्याच दिवशी सतरा नंबरच्या खाटेवरील रोगी नागोराव परवानगीवाचून पळून गेल्याची नोंदही झाली. माझे भाषण त्याच रोग्याच्या कार्डाला जोडलेले असून दप्तरखान्यात आहे. ते परत मिळावे म्हणून मी तीन अर्ज केले. संबंधित रोग्याने समक्ष यावे, असे तिन्ही वेळा उत्तर आले. रोगी फरार आहे.

जूनमध्ये जयवंताला हॉस्टेलात पोहोचवावयास गेलो. तिची पत्र्याची पेटी आत गेली. ती दारात थांबली आणि म्हणाली, "बा, आता परीक्षा झाली. त्या भाषणात काय लिहिलं होतं, आता तरी सांगा."

मी तोंड उघडले. अकरा वाक्यांपैकी एकही आले नाही. जबडा पूर्णपणे मोकळा होता, हे मी हात लावून पाहिले.

थोडा वेळ वाट पाहून ती आत गेली. परतताना अंबरपेठेपर्यंत मी बोललो नाही, आणि हे मौन मी पाळलेले नव्हते, एवढेच नमूद करून ठेवतो.