बसक्या गाडीतला नवरदेव

पत्र्यावर रंगवलेले दोन पोपट. त्यांच्या चोचींमध्ये एक कमळ.

केराबाईंच्या कमरेला एक किल्ली.

गाडीच्या मागच्या खिडकीची काच. गेल्या दिवाळीपासून ती खाली होत नाही.

होटगीच्या मांडवातला कर्णा : "हॅलो, हॅलो. नवरदेवानं लवकरात लवकर मांडवात यावं."

नवरदेवाचा उजवा पाय. जमिनीपासून चार बोटं वर.

आणि या सगळ्यांना एकत्र आणणारा, बैलाच्या नालेतून निखळलेला एक खिळा. तो रेवणप्पांच्या गाडीच्या मागच्या चाकात घुसला, तेव्हा होटगी जवळच आली होती. कर्णा ऐकू येईल इतकी जवळ आणि नवरदेव पोचणार नाही इतकी लांब.

रेवणप्पांची गाडी मुळात चारचौघींसारखीच उंच होती. पण मुंबईला गेले असताना त्यांनी एका हॉटेलसमोर एक बसकी गाडी पाहिली, आणि परत आल्यावर त्यांना आपली गाडी स्टुलावर चढून बसल्यासारखी दिसू लागली. त्यांनी गॅरेजात चाकांवरच्या स्प्रिंगांच्या काही पट्ट्या काढायला लावल्या. गाडी बसली. मग चाकांच्या मधली जागा उघडी वाटायला लागली, म्हणून तिला झालर हवी झाली. असले शोभेचे भाग मुंबईत तयार मिळतात असं कळलं. सोलापुरात तिप्पण्णा मिळाला.

तिप्पण्णा पत्र्याच्या पेट्या करायचा. निम्म्या सोलापूरच्या लेकी त्याच्या पेट्या घेऊन सासरी गेल्या होत्या. त्याने गाडीला दोन्ही बाजूंनी जमिनीलगत झालर केली, पुढे जबडा केला, मागे शेपूट केलं. सवयीने झालरीवर पोपट आणि कमळ रंगवलं. काढता-घालता यावी म्हणून सवयीनेच कडी-कोयंडा बसवला. आणि सवयीनेच त्याला कुलूप घातलं.

"कुलूप कशाला रे?" रेवणप्पांनी विचारलं होतं.

"पत्र्याला कडी आली की कुलूप आलंच की, मालक."

घरातल्या सगळ्या किल्ल्या केराबाईंच्या कमरेला असत. ही त्यांत गेली. केराबाई रेवणप्पांची बायको. त्या आज वऱ्हाडाच्या बसने सकाळीच पुढे गेल्या होत्या.

आता तिप्पण्णा रस्त्यावर पालथा पडून, गाल मातीला लावून, गाडीखाली बघत होता. आपल्या कामावर नजर ठेवायला म्हणून तो मुद्दाम वऱ्हाडात आला होता.

"मालक, जॅक जात न्हाय."

"का?"

"गाडी लई खाली हाय."

"खाली हाय म्हणून तर शोभती!"

"शोभतीया की. पण जॅक न्हाय जात."

"मग झालरीला लावून उचल."

तिप्पण्णा उठून बसला. "पोपटाच्या पोटात जॅक घालू?"

"मग झालर काढ!"

"कुलूप हाय."

दोघांनी एकदम होटगीकडे पाहिलं. कर्णा पुन्हा नवरदेवाला बोलावत होता.

नवरदेव म्हणजे रेवणप्पांचा पुतण्या मल्लिनाथ. आजचा मुहूर्त या मोसमातला शेवटचा. तो चुकला की थेट तुळशीच्या लग्नानंतर. मल्लिनाथने मुलीला एकदाच पाहिलं होतं, तेही तिने पोह्यांची बशी ठेवली तेवढ्यापुरतं, आणि तेव्हापासून त्याला पोहे दिसले तरी घाम फुटत होता. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

"काका, मी उतरतो. गाडी हलकी व्हईल," तो आतून म्हणाला.

"खबरदार!" शेजारी बसलेल्या शांतम्मा आत्याने त्याचं उपरणं धरलं. "देवघरातनं निघालेल्या नवरदेवाचा पाय मांडवाच्या दारातच टेकायचा. आपल्या घरात तसंच हाय. मामानं तुला खांद्यावरनं गाडीत आणलं ते काय गंमत म्हणून?"

मामा तेव्हापासून कंबर धरून होता. तो बसमध्ये आडवा होऊन पुढे गेला होता.

"मग आत्या, तू तरी उतर."

"मी उतरले की तू उतरशील. मी हितंच."

आत्या उतरत नाही म्हणून दोन्ही करवल्या उतरेनात. नवरदेव आत असताना स्टिअरिंगवर कुणीतरी जबाबदार माणूस हवं, म्हणून रेवणप्पाही पुन्हा आत जाऊन बसले. गाडी आणखी थोडी खाली गेली. पोपटांचे पाय मातीला लागले.

शेजारच्या शेतातून भीमा नावाचा शेतकरी कुदळ घेऊन आला. त्याने झालरीलगत खड्डा केला, तिप्पण्णाने त्यात जॅक तिरका सारला आणि फिरवायला सुरुवात केली. जॅक फिरत होता. भीमा गाडीकडे बघत होता. गाडी जागेवर होती. खालची काळी माती मऊ होती. जॅक गाडीला वर न नेता स्वतःच खाली चालला होता.

"ह्यो जॅक हाय का गिरमिट?" भीमाने विचारलं.

"भीमा, सायकल हाय का तुझ्याकडं?" आतून रेवणप्पांनी हाक दिली. "मांडवात जा. केराबाई म्हणून विचार. किल्ली आण म्हणावं."

भीमा गेला. मांडवात शेकडो बायका होत्या. त्याने सरळ जाऊन कर्णेवाल्याच्या हातातून माईक घेतला.

"केराबाईंनी किल्ली घिऊन यावं. नवरदेव गाडीत हाय. गाडीला कुलूप हाय. नवरदेवाला बाहीर येता येईना."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पण ते ऐकून मांडवातला एकही माणूस जागेवर राहिला नाही.

सगळ्यांत पुढे नवरीचा बाप ईश्वरप्पा, खांद्यावर पहार. त्याच्या मागे हलगीवाले. त्यांच्या मागे नवरदेव बेशुद्ध पडला असेल तर म्हणून कांदा घेतलेली एक म्हातारी, मग किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत केराबाई, आणि मुंडावळ्या एका हाताने धरून पळणारी नवरी महानंदा. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिला कुणी अडवूही शकलं नव्हतं.

"सरका! दार फोडतो!" ईश्वरप्पाने पहार उगारली.

तिप्पण्णाने झालरीवर अंग टाकलं. "आधी मला फोडा! मग पोपटांना!"

"व्याही, दार उघडंच हाय," रेवणप्पा खिडकीतून म्हणाले.

"मग बाहीर का येत न्हाय पोरगं?"

"उतरू देत न्हायत."

"कोन उतरू देत न्हाय?"

"आमची अक्का."

शांतम्मा आत्याने पदर सारखा करून मान डोलावली.

लग्न लावणारे स्वामी धापा टाकत सगळ्यांत शेवटी पोचले. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं. त्यांनी बऱ्याच आत्या पाहिल्या होत्या.

"अक्का, मांडव म्हंजे काय?"

"चार खांब आन् वर छत."

"हिला चार चाकं हायत की न्हाय? वर छत हाय की न्हाय?"

आत्याने वर पाहिलं. छत होतं. विचार करून ती म्हणाली, "पण अंतरपाट कुटं हाय?"

स्वामींनी खिडकीच्या काचेवर टिचकी मारली. गेल्या दिवाळीपासून खाली न झालेली ती काच धुळीने इतकी माखली होती की आतला नवरदेव बाहेरून नुसता पिवळा ढग दिसत होता.

होटगी रस्त्यावर मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता टपावर पडून तडतडत होत्या. काचेच्या बाहेर महानंदा हार घेऊन उभी होती. आत मल्लिनाथ फेटा टपाला लागू नये म्हणून मान वाकडी करून बसला होता. शेवटचं "सावधान" झालं आणि अंतरपाट दूर करायची वेळ आली. हँडल फिरेना. रेवणप्पांनी पुढच्या सीटवरून मागे वळून दाराला एक बुक्की घातली, आणि काच खाडकन खाली गेली.

"कोंडून घेतलं व्हतं व्हय?" महानंदा म्हणाली. नवऱ्याशी ती बोललेलं हे पहिलं वाक्य.

"न्हाय, न्हाय," मल्लिनाथला घाम फुटला. "मी... पोहे..."

ती हसली आणि हार त्याच्या गळ्यात, थोडा आत्याच्याही गळ्यात, पडला. हलगी कडाडली.

"लागलं बाई लगीन," आत्या म्हणाली. "उतर आता."

मल्लिनाथ उतरला. आत्या उतरली, करवल्या उतरल्या, रेवणप्पा उतरले. आणि गाडी एक सुस्कारा सोडून आपोआप वर आली. केराबाई अजून जुडग्यात किल्ली शोधत होत्या. तिप्पण्णाने फळी टाकून जॅक सारला, तो अलगद आत गेला. हलगीच्या ठेक्यावर त्याने दांडा फिरवला. चाक मातीवरून उचललं गेलं. पोपटांना ओरखडासुद्धा नव्हता. ईश्वरप्पाने पहार टाकून टाळ्या वाजवल्या, भीमाने शिट्टी मारली, तिप्पण्णाने उपरण्याने आधी पोपट पुसले आणि मग डोळे.

"शाब्बास!" रेवणप्पा छाती काढून म्हणाले. "आता डिकी उघड. काढ स्टेपनी!"

किल्ल्या खुळखुळायच्या थांबल्या.

"मी काय म्हनते," केराबाई म्हणाल्या, "आधी सगळ्यांनी लाडू खाऊ की."

त्या दिवशी सकाळी डिकीत लाडवांची टोपली मावत नव्हती, म्हणून केराबाईंनी स्टेपनी काढून ओसरीवर ठेवली होती, आणि शुभकार्य आहे म्हणून तिला हळदकुंकू लावलं होतं.